रानपिंगळ्यापाशी

जरा बसा. हातातलं काम बाजूला ठेवा.

समोर टेबलावर काही फोटो मांडले आहेत. जळगाव-धुळ्याच्या हौशी छायाचित्रकारांचे. यांतलं कुणी शाळेत शिकवतं, कुणी दुकान सांभाळतं, कुणी केळीची बाग बघतं. रविवारी उजाडायच्या आत ही मंडळी घराबाहेर पडलेली असतात.

एकेका फोटोवरून नजर सावकाश फिरू द्या.

हतनूरच्या पाण्यावर उतरणारे पट्टकादंब. हिमालय ओलांडून तापीवर आलेले.

लळिंगच्या किल्ल्यामागून चढून आलेला ढग.

पाटणादेवीच्या डोंगरात, पावसाची झड लागल्यावर वाहू लागलेला धबधबा.

आणि हा फोटो. सागाची एक उघडी फांदी, तिच्यावर वीतभर उंचीचं एक घुबड.

आज याच एका फोटोपाशी थांबू. बाकीचे असू द्या.

पक्ष्याकडे इतक्यात बघू नका. आधी फांदी बघा.

सातपुड्याच्या पायथ्याचं रान आहे. हिवाळा सरत आला आहे. सागाची पानं झडली आहेत. फांदी करडी, खरखरीत. जिथून पान गळलं तिथे एक गोलसर व्रण राहिला आहे.

दिसला?

त्या व्रणावर नजर ठेवा. एक श्वास आत घ्या. सावकाश सोडा.

आता ऊन बघा. ते डावीकडून येतंय, कोवळं, पिवळसर. फांदीची एक कड उजळली आहे आणि दुसरी अजून सावलीत आहे. मागचं रान पुसट झालंय. तिथे अंजन असेल, सालई असेल, धावडा असेल. काहीच नीट दिसत नाही. फक्त उदी रंग, आणि त्यात कुठे कुठे हिरवट.

त्या पुसट रंगातही थोडा वेळ राहा. घाई नाही.

आता पक्षी.

पायांपासून सुरुवात करू. पाय पांढऱ्या पिसांनी भरलेले आहेत. बोटं जाड, नख्या दणकट. एवढ्याशा देहाला हे पाय जरा मोठेच वाटतात. नखीचं टोक सालीत रुतलंय, तिथे सालीचा एक बारीक कपचा सुटून वर आला आहे.

नजर वर घ्या. पोट पांढरं. छातीवर गडद तपकिरी पट्टा. मिटलेल्या पंखांवर आणि शेपटीवर पांढरे रुंद पट्टे.

आणखी वर. डोकं.

इथे जास्त वेळ थांबा.

आपल्या गावातल्या पिंगळ्याचं डोकं पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेलं असतं. शाळेच्या आवारातल्या चिंचेवर, जुन्या वाड्याच्या भिंतीतल्या भोकात तो तुम्ही पाहिलेला असणार. याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत. साधं, करड्या-तपकिरी रंगाचं डोकं. ओळखण्याची मोठी खूण हीच.

हा रानपिंगळा.

डोळे पिवळे आहेत. पण ते आपल्याकडे वळलेले नाहीत. तो खाली बघतोय, वाळक्या पाचोळ्यात. तिथे सरडा असेल, सापसुरळी असेल, उंदराचं पिल्लू असेल. तो त्याच्या कामात आहे, कॅमेरा त्याच्या गावीही नाही.

मला या फोटोत सगळ्यांत जास्त आवडतं ते हेच. लेन्सवर रोखलेले डोळे प्रदर्शनात बक्षीस मिळवतात, पण पुष्कळदा त्या डोळ्यांत नुसती धास्ती असते. इथे धास्ती नाही.

तो बघतोय तिकडे तुम्हीही बघा.

पाचोळा.

आता कान द्या. फोटोला आवाज नसतो, पण फोटोतल्या सकाळीला असतो.

सागाचं वाळलेलं पान गळताना ऐकू येतं. आधी वरच्या फांदीला लागतं, मग खालच्या, मग जमिनीवर पडतं. कुठेतरी खाली वाडीकडे गुरं सोडली आहेत. गळ्यातली घंटा वाजते, थांबते, पुन्हा वाजते.

मधल्या शांततेत आपलाच श्वास ऐकू येतो.

ऐका.

आणि हलणारं काही आठवा. शेपटी. रानपिंगळा बसल्या बसल्या शेपटी झटक्यानं डावीकडे नेतो, मग उजवीकडे. फोटोत ती थांबलेली आहे. तुमच्या मनात ती हलू द्या. डावीकडे. उजवीकडे.

बऱ्याचशा घुबडांना दिवसाचं वावडं असतं. हा मात्र दिवसा वावरतो. थंडीच्या सकाळी शेंड्याजवळच्या उघड्या फांदीवर येऊन बसतो आणि तव्यावरची भाकरी उलटावी तसा अंग शेकून घेतो, कधी पाठ, कधी पोट.

तुमच्याही पाठीवर ते ऊन येऊ द्या.

आता फोटोच्या अलीकडे या. शटर दाबलं जायच्या आधी.

काढणाऱ्याची गोष्ट छोटी आहे. तो अंधारात आला. एका झाडाला पाठ टेकून बसला. गुडघा अवघडला. काही दिसलं नाही. मग ऊन वर आलं, आणि जो फांदीवरचा खुंट वाटत होता त्यानं मान वळवली.

म्हणजे पक्षी आधीपासून तिथेच होता.

थांबणं ही खान्देशात नवी गोष्ट नाही. चाळीसगावला स्टेशनजवळ केकी मूस यांचा बंगला आहे. 1912 मध्ये जन्मलेला हा छायाचित्रकार पुढची कितीतरी दशकं, 1989 मध्ये जाईपर्यंत, त्या घराबाहेर क्वचितच पडला. टेबलावर मांडलेल्या वस्तूंतून, हव्या त्या उजेडात, तो अख्खी निसर्गदृश्यं उभी करी. लोक सांगतात, रात्री पंजाब मेल येऊन गेल्याशिवाय तो जेवत नसे, कारण त्या गाडीनं कुणीतरी यायचं होतं. ही कथा किती खरी, हा प्रश्न मी बाजूला ठेवते. त्या घराचं आज संग्रहालय झालं आहे. तिथल्या चित्रांसमोर उभं राहिलं की एकाच टेबलाकडे वर्षानुवर्षं बघणारी नजर जाणवते, आणि अशा नजरेला टेबलही पुरतं.

चला, पुन्हा फांदीकडे.

अजून मागे जाऊ. खूप मागे.

1872 मध्ये एफ. आर. ब्लेविट या संग्राहकाला मध्य भारताच्या पूर्वेकडच्या रानात हा पक्षी मिळाला. पुढच्या वर्षी पक्षिशास्त्रज्ञ ॲलन ह्यूम यांनी त्याचं वर्णन केलं आणि त्याला ब्लेविटचं नाव दिलं. मग 1880 च्या दशकाच्या सुरुवातीला जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याला तो आपल्या खान्देशात, शहादा-तळोद्याच्या बाजूला भेटला.

भेटला म्हणजे त्यानं तो मारला. तेव्हाची रीतच तशी होती. पक्षी पाहिल्याची साक्ष म्हणजे कापूस भरलेलं त्याचं कातडं.

1884 नंतर काही नाही.

या रिकाम्या जागेत थोडं थांबा.

सागाला पालवी फुटते, पानं झडतात. पुन्हा फुटते, पुन्हा झडतात. संग्रहालयांच्या खणांत अवघे सात नमुने पडून आहेत. सलीम अली, डिलन रिप्ले यांच्यासारखे पक्षितज्ज्ञ शोधून थकतात. रानपिंगळा म्हणून पुढे आलेला फोटो साध्या पिंगळ्याचा निघतो.

एक नमुना 1914 चा सांगितला जात होता, गुजरातेतला. पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो बारकाईनं तपासला. तो डेव्हिडसनचाच जुना पक्षी निघाला, रिचर्ड माइनर्ट्झहागन या ब्रिटिश संग्राहकानं चोरून, नवं लेबल लावून, आपल्या नावावर खपवलेला. त्या एका खोट्या चिठ्ठीनं कितीतरी वर्षं लोकांना भलत्या रानात फिरवलं. फोटो असो की कातडं, त्याच्यामागची गोष्ट खरी असावी लागते, हे मला या प्रकरणाइतकं लख्ख दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

राग आला असेल तर येऊ द्या. श्वास घ्या. जाऊ द्या.

25 नोव्हेंबर 1997. सकाळ.

शहाद्याजवळचं सातपुड्याच्या पायथ्याचं रान. नंदुरबार जिल्हा व्हायला अजून काही महिने आहेत, म्हणून हे रान तेव्हा धुळे जिल्ह्यात मोडतं. रासमुसेन आणि त्यांचे सोबती बेन किंग, डेव्हिड ॲबट याच पक्ष्याच्या शोधात चालत आहेत. आधी पूर्वेकडची रानं पालथी घालून झाली आहेत. हाती काही लागलेलं नाही.

एक निष्पर्ण झाड. वर, उघड्यावर, एक लहान घुबड.

डोक्यावर ठिपके नाहीत.

त्या क्षणी त्यांच्या जागी उभे राहा. ओरडावंसं वाटतंय. ओरडता येत नाही. हात कॅमेऱ्याकडे जातोय. पक्षी उडून गेला तर?

तो बसून राहतो.

113 वर्षांनी या पक्ष्याची साक्ष मिळते आणि ती देताना त्याचा जीव जात नाही. त्याचे फोटो निघतात, चित्रफीत निघते, आणि तो आपल्या रानात राहतो. कॅमेरा गळ्यात अडकवणाऱ्या प्रत्येकानं ही सकाळ मनाशी जपावी असं मला वाटतं. आपला छंद किती चांगला असू शकतो, ते तिथे दिसतं.

पुढे हा पक्षी तोरणमाळला दिसला, यावलच्या अभयारण्यात दिसला, मेळघाटात दिसला, 2014 मध्ये थेट मुंबईजवळच्या तानसाच्या रानातही. 2018 मध्ये धोक्यातल्या जीवांच्या जागतिक यादीत त्याला अतिसंकटग्रस्त वर्गातून काढून संकटग्रस्त वर्गात ठेवलं. काळजी थोडी हलकी झाली, संपलेली नाही. सागाची पोकळ, म्हातारी झाडं तोडली जातात, आणि याला घर करायला तशीच ढोली लागते.

आता फोटोच्या पलीकडे जाऊ. शटर दाबून झाल्यावर.

काढणारा कॅमेरा खाली घेतो. स्क्रीनवर काय आलं ते बघत नाही. थोडा वेळ नुसता बसतो. मग आला तसा, पाचोळा न वाजवता, मागे सरकत निघतो. रानपिंगळा अजून फांदीवरच आहे.

आधी माणूस निघाला.

फोटोत हे कुठेच दिसत नाही. पण आता पुन्हा बघा. ती सैल बसलेली पिसं, ते खाली लागलेले डोळे. पक्षी असा बसलेला दिसतो कारण समोरच्यानं त्याला तसं बसू दिलं.

फोटो दाखवला की दोन प्रश्न हमखास येतात. लेन्स कुठली? लोकेशन कुठलं? पहिल्याचं उत्तर खुशाल द्या. दुसऱ्यापाशी एक श्वास थांबा.

कारण एका झाडाचं ठिकाण फोनवरून फोनवर गेलं की पुढच्या रविवारी तिथे गाड्या उभ्या राहतात. कुणीतरी फोनवर रानपिंगळ्याचा आवाज वाजवतं. तो बिचारा शिकार सोडून, कधी पिल्लं सोडून, नसलेल्या दुसऱ्या नराला हाकलायला धावून येतो. चांगला फोटो मिळतो. मला असा फोटो नको. तुम्हालाही नको असावा.

शेवटचा एकदा फोटो बघा. व्रण. ऊन. पाय. डोकं. पाचोळ्याकडे लागलेले डोळे.

आणि पुढच्या रविवारी तुम्ही निघाल तेव्हा एवढं करा. आवाज वाजवू नका. ढोली दिसली तर तिथून मागे फिरा. फोटो सगळ्यांना दाखवा, गोष्ट पोटभर सांगा. ठिकाण म्हणून ‘सातपुडा’ एवढं पुरे. नेमकं झाड सांगायचंच असेल, तर ते फक्त वनखात्याला सांगा.