अरणचा मळा आणि चौथे ऋण

माढा तालुक्यातील अरण या गावी संत सावता माळी यांची समाधी आहे, आणि तिच्या संबंधात वारकरी संप्रदायाने एक असा शिरस्ता पिढ्यान्‌पिढ्या पाळला आहे की, ज्याला भक्तीपेक्षा ज्ञानाच्या प्रश्नात अधिक गोडी आहे त्यानेही त्यापाशी क्षणभर थांबावे. इतर संतांच्या पालख्या आषाढी एकादशीसाठी आपापल्या गावाहून पंढरीस जातात. अरणच्या बाबतीत मात्र वाट उलट फिरते, आणि पांडुरंगाचीच पालखी पंढरपुराहून निघून आषाढ वद्यात सावतोबांच्या भेटीस त्यांच्या गावी येते. परंपरा सांगते की, पंढरी एका दिवसाच्या वाटेवर असूनही हे माळीबोवा आपला मळा सोडून तेथे कधी गेले नाहीत. खुरपे, मोट आणि भाजीचे वाफे यांतच त्यांची उपासना चालली, आणि शके १२१७ मध्ये, म्हणजे इ. स. १२९५ साली, त्याच मातीत त्यांनी देह ठेवला. त्यांचे जे थोडे अभंग आज उपलब्ध आहेत ते त्यांच्या हातचे नव्हेत; काशिबा गुरव यांनी ते लिहून ठेवले, म्हणून ते आपल्यापर्यंत आले.

देव मळ्यात आला, आणि मळ्यातील बोल दुसऱ्याने वहीत उतरवले, या दोन गोष्टी मला अलीकडे वारंवार आठवतात. आणि त्या आठवण्याचे कारण असे की, व्यापार, कायदा आणि समाज यांतील व्यावहारिक प्रश्नांना विद्यापीठीय संशोधनाने हात घालावा की नाही, आणि घातल्यास कोणत्या अधिकाराने, हा वाद आपल्याकडे बहुधा पैशाच्या आणि उपयोगाच्या भाषेत चालतो, पण त्याचे मूळ अध्यात्मात आहे. ज्ञानाच्या श्रेणी लावण्याची सवय आपल्या मनाला फार जुनी. एक पारमार्थिक सत्य, दुसरे व्यावहारिक. पहिले मुक्ती देणारे, दुसरे पोट भरणारे. आणि म्हणून कुळाचा खंड किती, सावकाराचा व्याजदर काय, बाजारात आडत्या किती कापून घेतो, हे शोधणारा मनुष्य कितीही विद्वान असला तरी तो दुय्यम वस्तूच्या मागे लागला आहे, असा एक अस्फुट ग्रह आपल्या सुशिक्षितांत आजही वावरत असतो. वास्तविक ज्या शंकराचार्यांच्या नावावर हा भेद सांगितला जातो, त्यांनी व्यवहार चालू आहे तोवर व्यवहारातील खरेखोटे ठरवणारी प्रमाणे अबाधितच मानली आहेत. दोरी दोरीच आणि साप सापच, यात व्यवहारापुरती तडजोड त्यांनी कोठे केलेली नाही. आणि टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त ज्ञानोत्तर कर्माचा जो पक्ष मांडला, त्याचे सार हेच की, ज्याला कळले त्याचे काम तेथे संपत नाही, लोकसंग्रह त्याच्याकडे उरतोच.

हे तत्त्वतः मान्य केले तरी व्यवहारातील सत्य हे सोपे सत्य असते, ते दप्तरात लिहिलेले असते आणि कारकुनाने मोजले म्हणजे हाती येते, ही समजूत शिल्लक राहते. ती किती चुकीची आहे याचे आपल्या प्रांतातील एक उदाहरण मला विशेष मननीय वाटते. मुंबई राज्यात १९४८ साली कुळवहिवाट व शेतजमीन कायदा झाला. त्याने खंडाला मर्यादा घातली, जिरायतीस पिकाचा तिसरा हिस्सा आणि बागायतीस चौथा. कुळाला संरक्षण दिले. आणि कुळाला आपण होऊन जमीन सोडावयाची असेल तर ती सोडचिठ्ठी लेखी असावी आणि मामलेदाराने तिची खातरजमा करावी, अशी तजवीज केली. या सोडचिठ्ठीलाच राजीनामा म्हणत; हा शब्द तेव्हा आजच्यासारखा मंत्र्यांच्या तोंडी नव्हता. तो कुळांच्या, तलाठ्यांच्या आणि मामलेदार कचेरीच्या नित्य वापरातला होता. कायदा करणाऱ्यांना वाटले की, कागद आहे, अंगठा आहे, अधिकाऱ्याची सही आहे. याहून स्वेच्छेचा पुरावा तो कोणता असावयाचा?

पुण्याच्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेत, जी साताऱ्याच्या रावबहादूर काळ्यांच्या देणगीतून १९३० साली उभी राहिली होती आणि जिची परंपराच मुळी खेड्यात, बाजारात, कालव्याच्या काठावर जाऊन विचारपूस करण्याची होती, तेथे वि. म. दांडेकर आणि खुदानपूर यांनी या कायद्याच्या अंमलाची पाहणी केली आणि १९५७ साली ती प्रसिद्ध केली. त्यांनी कलमांचा अर्थ लावला नाही. गावे निवडली, जमिनीचे फेरफार पाहिले, कोण कुळ होते आणि कोण उरले हे विचारले. जे दिसले ते असे की, संरक्षण देणारा कायदा अंमलात असतानाच कुळे मोठ्या प्रमाणावर जमिनीवरून निघून गेली होती. कोठे मालकाने स्वतः कसण्यासाठी जमीन परत घेतली म्हणून, तर कोठे कुळाने स्वखुशीने सोडली म्हणून. आणि या स्वखुशीच्या सोडचिठ्ठ्यांपैकी पुष्कळशा खरोखर स्वखुशीच्या मानणे त्यांना कठीण वाटले. त्याच वर्षीच्या १ एप्रिलला, कृषक दिन म्हणून, कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक करणारी दुरुस्ती प्रत्यक्षात आली. पण ज्याने त्याआधीच राजीनाम्यावर अंगठा उठवला होता, तो कुळ म्हणून उभा राहावयास त्या दिवशी बांधावर होताच कोठे?

या पाहणीत आकडे आणि कोष्टके आहेत, आणि तरीही तिच्या मुळाशी जो प्रश्न आहे तो कोणत्याही दर्शनकाराला शोभावा असाच आहे: स्वेच्छा म्हणजे काय? भुकेल्या मनुष्याने, ज्याचे घर मालकाच्या जागेत आहे, ज्याच्या मुलीच्या लग्नाचे कर्ज मालकाच्या वहीत आहे आणि ज्याला उद्या बैल मालकाकडूनच मागून आणावयाचा आहे, अशा मनुष्याने ‘होय, मी खुशीने सोडतो’ असे साक्षीदारांसमक्ष म्हटले, तर ते वाक्य त्याचे म्हणावयाचे की त्याच्या परिस्थितीचे? वेदान्ताने कर्त्याच्या स्वातंत्र्याचा प्रश्न शतकानुशतके चर्चिला. मीमांसकांनी विधीचा अर्थ लावताना शब्दाशब्दाचा कीस काढला. पण कर्त्याच्या स्वातंत्र्याचे मोजमाप त्याच्या खळ्यावर जाऊन घ्यावे लागते, हे आपल्याला विसाव्या शतकाने शिकवले. माझे तर असे मत आहे की, त्या पाहणीने कायद्याचे एक व्यंग दाखवले हे तिचे लहान श्रेय. शब्द आणि इच्छा यांच्यामध्ये केवढी दरी असू शकते हे तिने सप्रमाण मांडले, हे मोठे.

व्यावहारिक संशोधनाविषयी दुसरा एक भ्रम असा की, ज्ञान विद्यापीठात निर्माण होते आणि तेथून गावाकडे पाटाच्या पाण्यासारखे वाहत येते. आमच्या सोलापूर जिल्ह्याची शाळू ज्वारी याचे उत्तर देते. माढ्याच्या शेजारच्या तालुक्यात, मोहोळच्या संशोधन केंद्रावर, १९३० च्या दशकात मालदांडीच्या स्थानिक बियाण्यातून निवड करून ‘एम ३५-१’ हे वाण काढण्यात आले, आणि नंतर कितीएक संकरित वाणे आली नि गेली तरी रब्बी ज्वारीच्या मुलखात हे आजतागायत टिकून आहे. निवड शास्त्रज्ञाची, तिचे श्रेय त्याचेच. परंतु निवडावयास जे होते ते कोणाचे? ऑक्टोबरात काळ्या रानातील ओलीवर पेर व्हावी, मग पावसाचा थेंबही न पडता माघात कणीस भरावे, दाणा मोत्यासारखा असावा आणि कडबा गुरांनी आवडीने खावा, अशी परीक्षा शेकडो वर्षे ज्यांनी घेतली, दर सुगीस चांगली कणसे बाजूला काढून ज्यांनी ती कणगीत जपली, त्यांचे नाव कोणत्याही वाणाच्या नोंदीत येत नाही. त्यांनी आपल्या ज्ञानाला ज्ञान म्हटले नाही एवढेच.

येथे मला आपल्या परंपरेतील ऋणाची कल्पना फार उपकारक वाटते. तैत्तिरीय संहितेत ब्राह्मण तीन ऋणे घेऊन जन्मास येतो असे म्हटले आहे: ऋषींचे ऋण अध्ययनाने फेडावयाचे, देवांचे यज्ञाने आणि पितरांचे प्रजेने. ही तीन सर्वांस ठाऊक आहेत. शतपथ ब्राह्मणाने मात्र यांत चौथ्याची भर घातली, ती आपण विसरलो: मनुष्यांचे ऋण, जे आल्यागेल्यास आसरा आणि अन्न देऊन फेडावयाचे. विद्येच्या क्षेत्रात आपण ऋषिऋण तेवढे ध्यानात ठेवले; आधीच्या ग्रंथकारांचा नामनिर्देश केला, गुरूंना वंदन केले, की हिशेब चुकता झाला असे मानले. पण जो संशोधक खेड्यात जातो त्याची अवस्था पाहा. तो स्वतःच अतिथी असतो. कोणी त्याला ओसरीवर घोंगडी अंथरून देते, तांब्याभर पाणी आणि गूळ पुढे ठेवते, आणि मग, आपल्या भावालाही न सांगितलेली कर्जाची रक्कम त्या अनोळखी माणसाला सांगते. चौथे ऋण येथे उलटे फिरते: आतिथ्य देणारा धनको होतो आणि विद्वान ऋणको. आणि त्या ओसरीवर त्याला मिळालेली वस्तू अन्नपाण्याहून जड असते, कारण ती सांगणाऱ्याची अब्रू असते.

हे ऋण ग्रंथ छापून फिटत नाही, अशी माझी निष्ठा आहे. ग्रंथाने विद्वानाला पदवी मिळते, सांगणाऱ्याला काय मिळते? याच्या उत्तरादाखल मला धनंजयराव गाडगीळांचे चरित्र डोळ्यांपुढे दिसते. गोखले संस्थेचे ते पहिले संचालक. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांनी अहमदनगर जिल्ह्याच्या शेतीत काय पालट केला याची पाहणी त्यांच्या संस्थेने केली, आणि ती १९४८ साली प्रसिद्ध झाली. याच प्रवरेच्या मुलखात, लोणीला, विठ्ठलराव विखे पाटलांसारख्या अल्पशिक्षित पण विलक्षण कर्तृत्वाच्या शेतकऱ्याने जेव्हा सहकारी साखर कारखान्याचा संकल्प सोडला, तेव्हा केंब्रिजला शिकलेला हा अर्थशास्त्रज्ञ सल्ला देऊन पुण्यास परतला नाही. तो त्या कारखान्याचा पहिला अध्यक्ष झाला, आणि १९५० च्या अखेरीस गाळप सुरू झाल्यावरही वर्षानुवर्षे त्या जबाबदारीखाली उभा राहिला. यावर कोणी असा आक्षेप घेईल की, निरीक्षकाने खेळात उतरावयाचे नसते, उतरला की त्याची दृष्टी पक्षपाती होते. आक्षेप पोकळ नाही. प्रत्येक संशोधकाने कारखान्याचा अध्यक्ष व्हावे असे मी म्हणत नाही, आणि सरकारास किंवा शेठसावकारास हवा तो निष्कर्ष काढून देणारी विद्या ही विद्येची विटंबना होय हेही मला मान्य आहे. ज्याला केवळ तारे मोजावयाचे आहेत त्याच्यावर हे बंधनही नाही. ताऱ्यांनी त्याला आपली अब्रू दिलेली नसते. परंतु ज्याने माणसांकडून घेतले, त्याचे ताटस्थ्य निष्कर्षापुरते असावे. निष्कर्ष हाती आल्यावरही जो तटस्थच राहतो, त्याला मी ऋणको म्हणून बेइमान समजतो.

माढ्याच्या बाबतीत हे बोलणे दूरचे नाही. भीमेवरचे उजनी धरण याच तालुक्याच्या हद्दीत आहे. १९६६ साली पायाभरणी होऊन १९८० साली ते पुरे झाले, आणि सुमारे ११७ टीएमसी पाण्याच्या त्या साठ्याने एकीकडे शाळूच्या रानात ऊस, केळी आणि डाळिंब आणले, तर दुसरीकडे नदीकाठची नांदती गावे पोटात घेतली. धरणाची भिंत कशी बांधावी हे शास्त्राला ठाऊक होते. उठलेल्या गावाचे काय करावे याचा महाराष्ट्राचा पुनर्वसन कायदा मात्र १९७६ चा, म्हणजे पायाभरणीनंतर दहा वर्षांनी झालेला. पाटबंधारे एका शाखेचे, भूसंपादन दुसऱ्या शाखेचे, आणि ज्या म्हातारीने आपल्या बुडालेल्या अंगणातली तुळस नव्या वसाहतीत लावली व ती जगली नाही, तिचे दुःख कोणत्याच शाखेचे नव्हे. आज त्याच पाण्यावर पुण्याच्या सांडपाण्याचा भार आहे, उसाच्या तहानेचा प्रश्न आहे, डाळिंबावरच्या तेल्या रोगाने बागाच्या बागा तोडाव्या लागल्याचा अनुभव आहे. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने ‘भगवा’ वाण दिले, २००४ साली सोलापुरास स्वतःचे विद्यापीठ आले, २००५ साली तेथे डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्रही आले. म्हणजे विचारणारे आता पुष्कळ आहेत, आणि ते दूरचेही नाहीत. पंढरी एका दिवसाच्या वाटेवर आहे. पालखी मळ्यापर्यंत येते का, एवढाच प्रश्न उरतो.

आणि पालखी येताना कोणत्या भाषेत येते, हाही. काशिबा गुरवांनी सावतोबांचे बोल ज्या भाषेत ऐकले त्याच भाषेत लिहिले. म्हणून अरणच्या समाधीपुढे आज एखादा निरक्षर माळीही ते टाळावर म्हणू शकतो, आणि ते आपल्याच मळ्याविषयी आहेत हे त्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही. दांडेकर-खुदानपुरांनी ज्या कुळांना विचारले, त्या मुंबई राज्याच्या मराठी मुलखातील कुळांनी उत्तरे मराठीत दिली असणार: खंड किती दिला, जमीन का सोडली, कोणाच्या सांगण्यावरून सोडली. ती उत्तरे आज इंग्रजी ग्रंथात आहेत. ग्रंथ उत्तम आहे. मी तो आदराने हाती घेतो. परंतु त्या कुळाचा नातू, जो कदाचित आज माढ्याच्या तहसील कचेरीबाहेर सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी रांगेत उभा असेल, त्याला आपल्या आजोबांनी त्या दिवशी ओसरीवर बसून काय सांगितले हे वाचावयाचे असेल, तर ते अजून कोणी त्याच्या हाती ठेवलेले नाही.