ज्याला उत्तर देता येईल असा आरोप

१९५२च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या एका स्टुडिओत जनरल ड्वाइट आयझेनहॉवर यांनी एका दिवसात चाळीस उत्तरं चित्रित करून दिली. प्रश्न तोवर कुणी विचारलेच नव्हते. ते नंतर मिळवले गेले. रेडिओ सिटी म्युझिक हॉल पाहायला आलेल्या सामान्य माणसांना गाठायचं, लिहून दिलेला प्रश्न कॅमेऱ्यासमोर म्हणायला लावायचा आणि तो तुकडा जनरलच्या उत्तराला जोडायचा. बघणाऱ्याला वाटे, गृहिणी महागाईबद्दल विचारते आहे आणि महायुद्ध जिंकून आलेला सेनापती तिला समोरासमोर उत्तर देतो आहे. 'आयझेनहॉवर आन्सर्स अमेरिका' या छोट्या जाहिरातींपासून अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत टीव्हीवरच्या जाहिरातींचं युग सुरू झालं. तेव्हा देशातल्या साधारण एक तृतीयांश घरांतच टीव्ही होता.

त्यानंतरच्या सात दशकांचा इतिहास पैशांच्या आकड्यांतून किंवा तंत्राच्या प्रगतीतून सांगण्याची पद्धत आहे. मला तो एका कल्पनेचा इतिहास वाटतो. मतदार कसा विचार करतो, त्याच्यापर्यंत कसं पोचायचं आणि प्रतिस्पर्ध्याविरुद्ध त्याच्या मनात काय उभं करायचं, याविषयीची समज दर पिढीत बदलत गेली. प्रत्येक बदलाबरोबर आरोपाचं स्वरूपही बदललं.

आरोप मुळात टीव्हीने जन्माला घातले नाहीत. १८२८मध्ये अँड्र्यू जॅक्सन यांच्या विरोधकांनी काळ्या शवपेट्यांची चित्रं असलेली पत्रकं वाटली होती. जॅक्सन यांच्या हुकमाने देहदंड झालेल्या सैनिकांच्या त्या शवपेट्या होत्या. भाषा जहरी होती, पण आरोप कागदावर होता, शब्दांत होता. समोरचा पक्ष दुसरं पत्रक काढून त्याचा प्रतिवाद करू शकत होता.

१९५२च्या जाहिरातींमागे रॉसर रीव्हज हा जाहिरात व्यवसायातला माणूस होता. हातात न वितळणाऱ्या 'एम अँड एम' चॉकलेटची जाहिरात त्याचीच. एका जाहिरातीत एकच दावा करावा आणि तो लोकांच्या मनात बसेपर्यंत पुन्हा पुन्हा सांगावा, हे त्याचं सूत्र होतं. मतदार म्हणजे एक मुद्दा लक्षात ठेवू शकणारा ग्राहक. डेमोक्रॅटिक उमेदवार अ‍ॅडलाय स्टीव्हन्सन यांना हे मनापासून खटकलं. त्यांनी अर्ध्या अर्ध्या तासाच्या भाषणांसाठी टीव्हीवरची वेळ विकत घेतली आणि मतदार सलग ऐकेल असा विश्वास ठेवला. उच्च पदाचे उमेदवार न्याहारीच्या धान्याच्या डब्यांसारखे विकणं हा लोकशाहीचा अपमान आहे, असं त्यांनी १९५६च्या पक्ष-अधिवेशनात सांगितलं. दोन्ही वेळा ते हरले.

पण १९५६मध्ये स्टीव्हन्सन यांच्याच पक्षाने जी युक्ती काढली, तिच्याकडे नीट पाहिलं पाहिजे. 'हाऊज दॅट अगेन, जनरल?' या जाहिरातींत त्यांनी आयझेनहॉवर यांच्या चार वर्षांपूर्वीच्या जाहिरातींचे तुकडे पुन्हा दाखवले आणि विचारलं, या वचनांचं काय झालं? हा हल्लाच होता. तरीही मला तो लोकशाहीतला अत्यंत योग्य हल्ला वाटतो. आरोप स्पष्ट होता, पुरावा जनरलच्या तोंडचाच होता आणि उत्तर द्यायला जागा होती. सत्तेवरचा माणूस स्वतःचं गुणगान करणार हे गृहीतच असतं. त्याचं जुनं वचन लोकांसमोर आणून ठेवण्याचं काम विरोधकालाच करावं लागतं. १९६०मध्ये केनेडींच्या प्रचाराने हेच केलं. त्यांचे प्रतिस्पर्धी असलेल्या उपाध्यक्ष निक्सन यांनी कोणत्या मोठ्या निर्णयाला हातभार लावला, या पत्रकारांच्या प्रश्नावर आयझेनहॉवर यांनी आठवडाभराची सवड मागितली होती. केनेडींच्या जाहिरातीने ते उत्तर घरोघरी दाखवलं.

७ सप्टेंबर १९६४ या दिवशी या कल्पनेने वळण घेतलं. एनबीसी वाहिनीवर रात्रीचा चित्रपट चालू असताना मिनिटभराची एक जाहिरात लागली. एक लहान मुलगी फुलाच्या पाकळ्या मोजते, आकडे चुकते. मग एका पुरुषाच्या आवाजात उलटी मोजणी सुरू होते, कॅमेरा मुलीच्या डोळ्यात शिरतो आणि अणुस्फोटाने पडदा भरून जातो. शेवटी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांचा आवाज आणि मतदानाचं आवाहन. 'डेझी' नावाने ओळखली जाणारी ही जाहिरात पैसे मोजून फक्त एकदाच दाखवली गेली. पुढे बातम्यांच्या कार्यक्रमांनीच ती पुन्हा दाखवली.

या जाहिरातीत रिपब्लिकन उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांचं नावही नाही. नावाची गरजच नव्हती. त्यांनी १९६३च्या अणुचाचणीबंदी कराराच्या विरोधात मत दिलं होतं आणि अण्वस्त्रांविषयीची त्यांची सैल विधानं लोकांच्या कानांवर होती. जाहिरातीच्या निर्मितीत टोनी श्वार्ट्झ हा ध्वनितज्ज्ञ होता. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरचे आवाज टिपत हिंडलेला हा माणूस. संदेश ऐकणाऱ्याच्या डोक्यात घालायचा नसतो, जे आधीच त्याच्या मनात आहे त्याला फक्त जागं करायचं असतं, हा विचार त्याने पुढे 'द रिस्पॉन्सिव्ह कॉर्ड' या पुस्तकात मांडला. रीव्हजचा मतदार दावा ऐकून लक्षात ठेवत होता. श्वार्ट्झचा मतदार दावा स्वतःच पुरा करतो. म्हणून 'डेझी'ला उत्तर देणं गोल्डवॉटर यांना जमलं नाही. जे म्हटलंच नाही ते खोडायचं कसं? त्यांनी तक्रार करावी तर आरोप आपल्यावरच आहे अशी कबुली होणार.

त्या भीतीमागे निदान गोल्डवॉटर यांची जाहीर भूमिका होती. तंत्र मात्र आता सर्वांच्या हाती आलं आणि तंत्राला अशी मर्यादा पाळण्याचं बंधन नसतं. १९६८मध्ये निक्सन यांच्या प्रचाराने स्थिरचित्रांची जुळणी आणि संगीत वापरून युद्ध व दंगलींची अस्वस्थता उभी केली. त्या मोहिमेचं आतलं काम जो मॅकगिनिस याने 'द सेलिंग ऑफ द प्रेसिडेंट १९६८'मध्ये उघड केलं, तेव्हा वाचकांना धक्का बसला. प्रचार चालवणाऱ्यांना मात्र त्यात शिकण्यासारखं पुष्कळ सापडलं असावं, असं पुढच्या निवडणुका पाहून वाटतं.

१९८८मध्ये हे तंत्र त्याच्या सर्वांत वाईट टोकाला गेलं. मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर मायकल डुकाकिस अधिवेशनानंतरच्या जनमत चाचणीत जॉर्ज बुश यांच्या सतरा गुणांनी पुढे होते. त्यांच्या राज्यात कैद्यांना शनिवार-रविवारची रजा देण्याची योजना होती. ती १९७२मध्ये एका रिपब्लिकन गव्हर्नरच्या काळात सुरू झाली होती. मात्र जन्मठेपेच्या खुन्यांना तीतून वगळणारं विधेयक १९७६मध्ये डुकाकिस यांनी नकाराधिकार वापरून रोखलं होतं. विल्यम हॉर्टन हा खुनाबद्दल शिक्षा भोगणारा कैदी रजेवर जाऊन परतला नाही आणि १९८७मध्ये मेरीलँडमध्ये त्याने एका जोडप्यावर भयानक अत्याचार केले. यावर डुकाकिस यांना जाब विचारणं पूर्णपणे रास्त होतं. एका स्थानिक वृत्तपत्राने या विषयावरच्या वार्तांकनासाठी पुलित्झर पारितोषिक मिळवलं होतं आणि डेमोक्रॅटिक पक्षातल्याच अल गोर यांनी हा मुद्दा प्राथमिक फेरीत काढला होता.

प्रश्न मुद्द्याचा नव्हता, मांडणीचा होता. बुश यांच्या अधिकृत प्रचाराबाहेरच्या एका गटाने हॉर्टन या कृष्णवर्णीय माणसाचा पोलिसी फोटो पडद्यावर आणला. वंशाबद्दल एक शब्दही न उच्चारता तो फोटो आपलं काम करत राहिला. त्यानंतर बुश यांच्या मोहिमेने 'रिव्हॉल्व्हिंग डोअर' ही जाहिरात काढली. तुरुंगाच्या फिरत्या दारातून कैदी आत जातात आणि लगेच बाहेर येतात. निवेदक खुन्यांना मिळणाऱ्या रजेबद्दल बोलतो आणि पडद्यावर अक्षरं येतात : २६८ पळाले. संवादशास्त्राच्या अभ्यासक कॅथलीन हॉल जेमिसन यांनी हा आकडा उलगडून दाखवला. रजेवरून न परतलेले कैदी २६८ होते हे खरं. पण त्यांतले पॅरोलला अपात्र असलेले खुनी फक्त चार होते आणि त्या चारांपैकी पळाल्यावर असा अत्याचार करणारा एकच, हॉर्टन. दोन खरी वाक्यं शेजारी ठेवून प्रेक्षकाच्या मनात तिसरं, खोटं वाक्य तयार करवून घेतलं गेलं. ते खोटं जाहिरातीत कुठेच लिहिलेलं नव्हतं, म्हणून पकडताही येत नव्हतं. श्वार्ट्झचा सिद्धांत आता असत्याच्या सेवेला जुंपला गेला होता. डुकाकिस यांनी उत्तर द्यायला फार उशीर केला आणि पन्नासपैकी चाळीस राज्यं गमावली. बुश यांच्या प्रचाराचे सूत्रधार ली अ‍ॅटवॉटर यांनी १९९१मध्ये, मरणपंथाला लागलेले असताना, डुकाकिस यांच्याबद्दल आपण वापरलेल्या क्रूर भाषेबद्दल पश्चात्ताप व्यक्त केला.

या अनुभवातून उपायही निघाले. अमेरिकी कायद्याप्रमाणे उमेदवाराच्या जाहिरातीतला एक शब्दही प्रसारण केंद्राला गाळता येत नाही. भारतात २००४पासून टीव्हीवरच्या राजकीय जाहिरातींना निवडणूक आयोगाच्या यंत्रणेचं प्रमाणपत्र आधी घ्यावं लागतं. अमेरिकेत तशी चाळणी नाही, आणि वाणीस्वातंत्र्याला अमेरिकी राज्यघटनेत असलेलं स्थान पाहता ती येण्याची शक्यताही नाही. म्हणून १९८८नंतर वृत्तपत्रांनी जाहिराती तपासून त्यांतलं खरं-खोटं छापायला सुरुवात केली. त्यातही जेमिसन यांना एक धोका दिसला. टीव्हीवरच्या बातमीत जाहिरात पूर्ण पडद्यावर दाखवून मग खोडली, तर लोकांच्या लक्षात दृश्यच राहतं, खुलासा विरतो. ती जाहिरात लहान चौकटीत, तिरपी करून दाखवावी, असा मार्ग त्यांनी सुचवला. सत्य सांगणाऱ्यालाही दृश्याची ताकद ओळखून वागावं लागतं, हा धडा मोलाचा आहे.

दुसरा उपाय कायद्यातून आला. २००२च्या मॅकेन-फाइनगोल्ड कायद्याने, या संदेशाला माझी संमती आहे, असं उमेदवाराने स्वतःच्या आवाजात सांगणं बंधनकारक केलं. आरोपाला धनी हवा, ही त्यामागची दृष्टी मला योग्य वाटते. पण २००४मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवार जॉन केरी यांच्या व्हिएतनाममधल्या लष्करी सेवेवर सर्वांत घातक हल्ला केला तो प्रतिस्पर्धी उमेदवाराने नव्हे, 'स्विफ्ट बोट व्हेटरन्स फॉर ट्रुथ' या बाहेरच्या गटाने. नौदलाच्या नोंदी केरींच्या बाजूने होत्या. जाहिरात सुरुवातीला फक्त तीन राज्यांत दाखवली गेली आणि तिचा देशभर प्रसार वृत्तवाहिन्यांनी चर्चेच्या निमित्ताने फुकट केला. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१०च्या 'सिटिझन्स युनायटेड' निकालानंतर अशा बाहेरच्या गटांना अमर्याद पैसा उभा करण्याची वाट मोकळी झाली. ज्याच्या नावावर मतं मागायची त्याचा हात स्वच्छ ठेवायचा आणि चिखल दुसऱ्याकडून फेकवायचा, ही व्यवस्था पक्की झाली.

या साऱ्याने मतं खरोखर किती फिरतात? संशोधकांची उत्तरं प्रचारतज्ज्ञांच्या दाव्यांपेक्षा बरीच संयत आहेत. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात २०१६च्या निवडणुकीतल्या ४९ जाहिराती ५९ प्रयोगांतून सुमारे ३४ हजार लोकांना दाखवल्या गेल्या. परिणाम अगदी लहान निघाला आणि हल्ला करणारी जाहिरात गुणगान करणारीपेक्षा विशेष प्रभावी ठरली नाही. मायकल ब्लूमबर्ग यांनी २०२०मध्ये जाहिरातींवर अर्धा अब्ज डॉलरहून अधिक रक्कम ओतली आणि उमेदवारीच्या शर्यतीतून लवकरच माघार घेतली. मतदार तितका भाबडा नाही, ही समाधानाची गोष्ट आहे.

पण माझ्या मते खोल परिणाम मतदारापेक्षा राजकारण्यावर होतो. १९८८नंतर गुन्हेगारीबाबत मवाळ दिसण्याची धास्ती दोन्ही पक्षांनी घेतली. १९९२च्या प्रचाराच्या धामधुमीत बिल क्लिंटन मेंदूला इजा झालेल्या एका कैद्याच्या मृत्युदंडाच्या वेळी आर्कन्सॉला परतले आणि त्यांच्याच कारकिर्दीत १९९४चा कडक गुन्हेगारी कायदा झाला. पुढच्या निवडणुकीतली संभाव्य जाहिरात नेत्याच्या टेबलावर आजच येऊन बसते. कैद्याला माणूस मानणारं धोरण मांडताना त्याचा हात थबकतो. अशा न मांडलेल्या धोरणांची किंमत कोणत्याही प्रयोगात मोजली जात नाही.

म्हणून नकारात्मक प्रचार बंद करा, ही मागणी मला मान्य नाही. राज्यशास्त्रज्ञ जॉन गीअर यांनी अनेक दशकांच्या जाहिराती तपासून दाखवलं आहे की हल्ला करणाऱ्या जाहिरातींत गुणगान करणाऱ्यांपेक्षा मुद्दे अधिक असतात आणि आधारही अधिक दिलेला असतो. सत्तेची चूक दाखवायची तर नकारात्मक बोलावंच लागतं. मी कसोटी वेगळी मानतो : या आरोपाला उत्तर देता येतं का? १९५६ आणि १९६०च्या जाहिरातींना उत्तर देता येत होतं. हॉर्टनच्या फोटोला उत्तर नव्हतं, कारण त्याचा खरा आरोप शब्दांत मांडण्याची हिंमत तो दाखवणाऱ्यांनाही झाली नसती. लोकशाहीतलं भांडण कितीही कडवट असो, दोन्ही बाजूंना बोलता आलं तर तो वाद राहतो. एका बाजूला बोलायला जागाच उरली नाही, तर त्या जाहिरातीने मतदाराचाही न्याय करण्याचा हक्क काढून घेतलेला असतो. जाहिरात पाहून मन हललं की प्रत्येक नागरिकाने तिचा आरोप एका साध्या वाक्यात स्वतःशी मांडून पाहावा. तसं वाक्य तयार झालं तर त्याचा पुरावा मागावा. आणि जे वाक्य चारचौघांत उच्चारायला आपल्यालाच संकोच वाटतो, त्याच्या भरवशावर मत देऊ नये.