हातावर कोणाचे चिन्ह?



हातावर किंवा दंडावर टॅटू काढून घेणे ही आता शहरापुरती गोष्ट राहिलेली नाही. आपल्या जालना जिल्ह्यातील खेड्यापाड्यांतील मुलांच्या हातांवरही ते दिसतात. आईचे नाव, देवाचे नाव, वाघाचे तोंड, क्रूस हे तर आहेच. पण त्यात एक नवा प्रकार आला आहे. मोबाइलवर जमलेल्या एखाद्या समूहाचे बोधचिन्ह, ज्याला मुले लोगो म्हणतात, ते कायमचे गोंदवून घ्यायचे. हा समूह कधी एखादा खेळ खेळणाऱ्यांचा असतो, कधी मोटारसायकलवर फिरणाऱ्यांचा, कधी एखाद्या नटाच्या चाहत्यांचा. सभासद हजारो, प्रत्यक्ष भेटलेले मात्र बोटावर मोजण्याइतके.

अशा वेळी घरात वाद होतो. आई म्हणते, "देवाने दिलेला देह आहे, तो असा का खराब करतोस?" मुलगा म्हणतो, "आजीच्या हातावर नाही का गोंदण?" दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. म्हणून या प्रश्नाकडे जरा शांतपणे पाहू या.

आजीच्या गोंदणाचा मुद्दा आधी घेऊ. मराठवाड्यात गोंदणारीण गावोगाव फिरत असे. काजळी आणि वनस्पतीचा रस यांच्यात सुया बुडवून ती कपाळावर, हनुवटीवर, हातावर ठिपके काढी, तुळस काढी, नाव लिही. आपल्या जिल्ह्यातील बंजारा तांड्यांवरील वृद्ध स्त्रियांच्या चेहऱ्यावर आणि हातांवर ही नक्षी आजही पाहायला मिळते. दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढे सोबत येते, असे जुन्या बायका म्हणत. हे गोंदण म्हणजे "मी या घरची, या समाजाची" अशी उघड खूण होती. आणि त्या समाजाचेही तिच्याशी काही देणे लागत होते. तिच्या बाळंतपणाला शेजारच्या बायका येत, दुष्काळात भाऊबंद धान्य देत, शेवटी चार खांदे त्याच गावातून मिळत. अर्थात त्या समाजाने तिला पुष्कळदा छळलेही. गोंदवून घ्यायचे की नाही हे त्या लहान मुलीला कोणी विचारले नव्हते. तेव्हा जुने ते सारे सोने, असे म्हणण्याचे कारण नाही.

न विचारता उमटवलेल्या खुणांचा इतिहास तर फारच कडू आहे. इंग्रजी अमलात जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदला जाई. ही शिक्षा 1849 साली बंद झाली. दुसऱ्या महायुद्धात आउशवित्झच्या छळछावणीत कैद्यांच्या हातावर क्रमांक गोंदले गेले. माणसाला नाव न ठेवता त्याला आकडा करण्याचा तो मार्ग होता. या तुलनेत आजचा तरुण स्वतःच्या मर्जीने, स्वतःच्या पैशाने चिन्ह काढून घेतो. हा फरक लहान नाही. मात्र मर्जी असली म्हणजे निर्णय योग्यच झाला, असेही होत नाही.

आता पवित्र शास्त्राकडे वळू. लेवीयच्या पुस्तकात (19:28) अंगावर गोंदवून घेऊ नका असे सांगितले आहे. आईवडील हे वचन दाखवतात आणि विषय संपला असे समजतात. परंतु त्याच वचनात मृतांसाठी अंगावर जखमा करून घेण्याची मनाई आहे. आसपासच्या लोकांच्या शोकविधींपासून आणि दैवतपूजेपासून इस्राएलने वेगळे राहावे हा त्यामागचा हेतू होता. त्याच अध्यायात दोन प्रकारच्या धाग्यांचे कापड वापरू नका असाही नियम आहे. तो आज आपण कोणी पाळत नाही. उलट यशयाच्या ग्रंथात (44:5) आपण परमेश्वराचे आहोत असे हातावर लिहिणाऱ्या माणसाचा उल्लेख येतो. इजिप्तमधील कॉप्टिक ख्रिस्ती पिढ्यान्‌पिढ्या मनगटावर लहानसा क्रूस गोंदवतात. बोस्नियातील कॅथोलिक स्त्रिया तुर्की अमलात हातांवर क्रूस गोंदवून घेत असत. तेव्हा शाई आणि सुई हेच पाप, असे म्हणता येत नाही.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी मार्च 2018 मध्ये रोम येथे तरुणांशी बोलताना हा विषय घेतला होता. टॅटूची भीती बाळगू नका, असे त्यांनी वडीलधाऱ्यांना सुचवले आणि इरिट्रियातील ख्रिस्ती लोकांच्या कपाळावरील क्रूसाची आठवण दिली. अतिरेक होऊ शकतो हेही त्यांनी मान्य केले. पण टॅटू म्हणजे कुणाचे तरी असल्याची खूण आहे; म्हणून त्या मुलाला विचारा की यातून तू काय शोधतो आहेस, तू कोणाचा आहेस असे सांगू पाहतो आहेस, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. आपल्या चर्चेची खरी सुरुवात इथून होते.

समजा, आपल्याकडचा एक मुलगा कामासाठी चाकणला गेला. एका खोलीत सहा जण, पाळ्यांची नोकरी, ओळखीचे कोणी नाही. रात्री मोबाइलवर एक समूह भेटला. तिथे त्याचे विनोद चालले, त्याचे दुखणे कोणीतरी ऐकले, वाढदिवसाला शंभर जणांनी शुभेच्छा दिल्या. वर्षभराने त्याने त्या समूहाचे चिन्ह दंडावर गोंदवून घेतले. हा मुलगा मूर्ख आहे काय? मुळीच नाही. त्याला जे मिळाले ते खरे होते आणि त्याची कृतज्ञताही खरी आहे. त्याला हसण्याआधी आपण हे मान्य केले पाहिजे.

तरीही एक गोष्ट त्याने ओळखायला हवी. कृतज्ञता ही झालेल्या गोष्टीबद्दल असते. कायमचे चिन्ह मात्र पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांबद्दल बोलते. बावीस वर्षांचा मुलगा साठीच्या म्हाताऱ्याच्या वतीने शब्द देतो. असा शब्द देण्यात गैर काही नाही. विवाहात आपण तेच करतो, गुरुदीक्षेत तेच करतो. पण तिथे समोरूनही कोणी शब्द देत असते. नवरा वचन देतो तशी बायकोही देते, आणि साक्षीला सारी मंडळी असतात. मोबाइलवरच्या समूहाने या मुलाला कोणता शब्द दिला आहे?

ऑर्कुटचे उदाहरण घ्या. 2004 च्या जानेवारीत ते सुरू झाले आणि भारतातील तरुणांनी ते डोक्यावर घेतले. गावाचे, कॉलेजचे, आवडत्या गाण्याचे असे असंख्य समुदाय तिथे होते. 30 सप्टेंबर 2014 रोजी मालक कंपनीने ते बंद केले. सभासदांना विचारण्याचा प्रश्नच नव्हता. टिकटॉकवर आपल्या देशात जून 2020 मध्ये बंदी आली आणि लाखो लोकांची मैफल एका रात्रीत उठली. त्या कोणाचे चिन्ह दंडावर असते तर ते आज कोणाची खूण सांगत राहिले असते?

समूह बंद पडला नाही तरी तो बदलू शकतो. चिन्हाचा अर्थ ते धारण करणाऱ्याच्या हातात नसतो. स्वस्तिक आपल्या देशात शुभचिन्ह म्हणून दारावर काढले जाते. 1920 साली जर्मनीतील नाझी पक्षाने ते उचलले आणि आज युरोपात ते द्वेषाची खूण झाले आहे. चिन्ह तसेच राहिले, त्याखाली माणसे काय करू लागली ते बदलले. उद्या आपल्या मुलाच्या समूहात कोणी शिवीगाळ सुरू केली, दुसऱ्या जातीधर्माविषयी विष पसरवले, तर संचालक बदलतील, नियम बदलतील. दंडावरचे चित्र मात्र "मी यांच्यातला" असेच सांगत राहील. आईचे नाव गोंदवणाऱ्यावर ही वेळ येत नाही.

याला व्यवहाराची बाजूही आहे. पहाटे रस्त्यावर धावून सैन्यभरतीची तयारी करणारी मुले आपल्या जिल्ह्यात गावोगाव दिसतात. सैन्यदलाच्या नियमानुसार कोपरापासून मनगटापर्यंत हाताची आतली बाजू आणि तळहाताची मागची बाजू एवढ्याच ठिकाणी कायमचे गोंदण चालते. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या प्रथेप्रमाणे सूट आहे. इतरांचे दंडावरचे चित्र वर्षभराच्या मेहनतीवर पाणी फिरवू शकते. शिवाय सुई स्वच्छ नसेल तर कावीळ व एच.आय.व्ही. यांचा धोका असतो. लेझरने टॅटू काढायचा तर अनेक वेळा जावे लागते, खर्च येतो, आणि तरी तो पुरता पुसला जाईलच असे नाही.

गोंदण टिकते कसे, हेही जाणून घेण्यासारखे आहे. शाई त्वचेच्या आतल्या थरात जाते. तिथल्या संरक्षक पेशी तिला परकी समजून गिळतात, पण पचवू शकत नाहीत. फ्रान्समधील शास्त्रज्ञांनी 2018 साली उंदरांवरील प्रयोगातून दाखवले की अशी पेशी मेली की शाई मोकळी होते आणि तिच्या जागी आलेली नवी पेशी ती पुन्हा उचलून धरते. म्हणजे ते चित्र एका पेशीमुळे टिकत नाही. एकीचे ओझे दुसरी उचलते, म्हणून ते टिकते.

माणसांचा समाजही असाच टिकतो. जालन्याजवळ बेथेल नावाचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकात रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी निजामाच्या राज्यात मिळालेल्या जमिनीवर ते वसवले. ते आपल्या प्रोटेस्टंट बांधवांचे कार्य. पण त्यातला धडा सगळ्यांसाठी आहे. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले जात होते, त्या लोकांना तिथे घर मिळाले, शाळा मिळाली, पोटापाण्याचा उद्योग आणि प्रार्थनेची जागा मिळाली. ते कोणाचे आहेत हे सांगायला दंडावर चित्र काढावे लागले नाही. त्यांना कोणी सांभाळले, यावरून ते कळत होते.

यशयाच्या ग्रंथात (49:16) याच अर्थाची एक विलक्षण गोष्ट आहे. तिथे भक्ताने देवाचे नाव कोरून घेतलेले नाही. देवाने आपल्या माणसांना स्वतःच्या तळहातांवर कोरून ठेवले आहे. ज्याने सांभाळायचे, त्याच्या हातावर खूण आहे. स्नानसंस्काराचा ठसाही असाच. तो आत्म्यावर उमटतो, कोणाला दिसत नाही आणि माणूस कितीही दूर गेला तरी पुसला जात नाही, कारण त्यामागचा शब्द देवाने दिलेला असतो.

म्हणून जो तरुण असे चिन्ह काढून घेण्याचा विचार करीत आहे, त्याने स्वतःला काही प्रश्न विचारावेत. ज्यांचे चिन्ह मी घेतो, त्यांच्यापैकी कितीजणांना माझे खरे नाव माहीत आहे? मी महिनाभर दिसलो नाही, तर कोणी फोन करील काय? मी दवाखान्यात असलो तर कोणी येईल काय? आणि मी त्यांच्या मताविरुद्ध बोललो, तर ते मला ठेवतील की एका बोटाने काढून टाकतील? उत्तरे चांगली आली, तर तो समूह नशीबवान आहे आणि तुम्हीही. तरीही वर्षभर थांबा. खरे नाते वर्षभराने पळून जात नाही. उत्तरे आली नाहीत, तर मिळालेल्या मैत्रीबद्दल आभार माना, पण देहावरचा कायमचा शब्द राखून ठेवा. ज्याने आधीच गोंदवून घेतले आहे, त्याने लाजू नये. एका एकाकी काळात कोणीतरी सोबत केली याची ती आठवण आहे. आठवण म्हणून ती बाळगता येते.

हेच प्रश्न आता आपल्यालाही विचारले पाहिजेत. तो मुलगा गाव सोडून गेला, तेव्हा आपल्यापैकी किती जणांनी त्याचा नंबर घेतला? सणाला तो आला, तेव्हा त्याला कसा आहेस म्हणून विचारले, की आधी केस आणि मग दंड पाहिला? त्याचे विनोद ऐकायला आपल्या घरात कोणाला वेळ होता? जिथे विचारपूस होते तिथे माणूस रमतो. त्यात त्याचा दोष नाही. आपल्या मुलांच्या दंडावर परक्यांचे चिन्ह का आहे हे विचारण्याआधी, त्यांची नावे आपल्या तळहातावर आहेत काय, हे एकदा पाहावे. या आठवड्यात बाहेरगावी असलेल्या एका तरी मुलाला फोन करा. टॅटूविषयी बोलू नका. तो जेवला का, एवढेच विचारा.