कुंडीखालचा शिक्का

बोन्सायची बिनझिलईची जपानी कुंडी उलटी केली की तळाला बहुधा एक लहानसा शिक्का सापडतो. त्यावर घडवणाऱ्याचे किंवा त्याच्या भट्टीचे नाव असते. कुंडीत झाड असेपर्यंत तो कुणाच्या नजरेस पडत नाही. काही वर्षांनी मुळे छाटून माती बदलताना, नाहीतर कुंडीचा सौदा होताना, तेवढा दिसतो. नाव घालायचे आणि झाकूनही ठेवायचे, या साध्या प्रथेला जपानी बौद्ध विचारातला एक जुना प्रश्न येऊन भिडतो: चांगली वस्तू घडते ती घडवणाऱ्याच्या बळावर, की त्याच्या पलीकडच्या कशाच्या?

या कुंड्यांचे मुख्य गाव तोकोनामे. आइची प्रांतातल्या चिता द्वीपकल्पावरचे हे गाव जपानच्या सहा प्राचीन भट्ट्यांमध्ये गणले जाते. बाराव्या शतकापासून तेथे मोठमोठे रांजण भाजले जात. मेइजी काळात गावाने सांडपाण्याचे नळ बनवून पोट भरले, आणि तसले नळ तिथल्या एका चढणीच्या कडेच्या भिंतीत आजही रचलेले आहेत. तांबड्या मातीचे नाजूक काम रांजणांच्या मानाने अलीकडचे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तेथे लाल चहादाण्या होऊ लागल्या आणि १८७८ मध्ये जिन शिहेंग या चिनी जाणकाराकडून चीनमधल्या यीशिंगची पद्धत शिकून घेतली गेली. बोन्साय जोपासणाऱ्यांसमोर आदर्श होता तो यीशिंगच्या कुंड्यांचाच. फार पूर्वी समुद्रमार्गे आलेल्या चिनी कुंड्यांचा मान अजूनही सर्वांत मोठा आहे.

पाइन, जुनिपर अशा सदाहरित वृक्षांना बिनझिलईची कुंडी देतात. अशी कुंडी श्वास घेते असे सर्रास सांगितले जाते, पण ते फारसे खरे नाही. १,१०० अंश सेल्सियसच्या पुढे भाजलेले हे खापर इतके घट्ट होते की त्यातून फार काही झिरपत नाही. म्हणूनच जपानच्या कडाक्याच्या थंडीत पाणी गोठून ते तडकत नाही. मुळांना हवा मिळते ती तळाच्या भोकांमुळे आणि दाणेदार मातीमुळे. झिलई टाळण्याचे कारण नजरेशी जोडलेले आहे: खडबडीत जुन्या सालीशेजारी चकाकी टिकत नाही. मातीतल्या लोहाला भट्टीत मोकळी हवा मिळाली तर कुंडी तांबडी होते, हवा कोंडली तर काळपट.

दिसायला इतकी साधी असलेली ही वस्तू करायला मात्र अवघड. मोठी चौकोनी कुंडी चाकावर होत नाही. मातीचे तक्ते कापून ते कडेला कडा लावून जोडावे लागतात. वाळताना आणि भाजताना माती दहाव्या हिश्श्याच्या आसपास आक्रसते, बाजू वाकतात, कोपरे उकलतात. झिलई असती तर तिच्याखाली थोडेफार खपून गेले असते. इथे सांध्यातली प्रत्येक चूक उघडी पडते.

आता मूळ प्रश्न. महायान परंपरेत नागार्जुनाच्या नावावर असलेल्या एका ग्रंथात दोन वाटा सांगितल्या आहेत: जमिनीवरून पायी जाण्याची अवघड वाट आणि नावेतून पाण्यावरून जाण्याची सोपी वाट. जपानमध्ये होनेन (११३३–१२१२) आणि त्यांचे शिष्य शिनरान यांनी हा भेद टोकाला नेला. स्वतःच्या साधनेवर विसंबणे ही स्वशक्ती. अमिताभ बुद्धाच्या संकल्पाला शरण जाणे ही परशक्ती. शिनरान त्याच्याही पुढे गेले. परशक्ती मिळावी म्हणून माणूस जे डावपेच करतो तीही स्वशक्तीच, असे त्यांचे म्हणणे.

हा विचार कुंभाराच्या चाकापर्यंत आणला तो विचारवंत यानागी सोएत्सु (१८८९–१९६१) यांनी. १९२५ मध्ये हामादा शोजी आणि कावाई कांजिरो या कुंभारांसह त्यांनी लोककारागिरीला ‘मिंगेई’ हे नाव दिले आणि १९३६ मध्ये तोक्योत तिचे संग्रहालय उघडले. त्यांच्या मते निनावी कारागीर एकच भांडे हजारदा घडवतो, तेव्हा सौंदर्याचा विचारही त्याच्या मनात नसतो; परंपरा, माती आणि आग त्याच्याकडून काम करून घेतात. नाव मिरवणाऱ्या कलावंताची वाट पायी चालण्याची, कारागिराची नावेतली. पुढे अमिताभाच्या चौथ्या संकल्पाच्या आधारे त्यांनी मांडले की बुद्धाच्या भूमीत सुंदर आणि कुरूप हा भेदच उरत नाही.

मांडणी मोहक आहे, पण ती मांडणारा नौदल अधिकाऱ्याचा मुलगा होता, कुंभार नव्हे. निनावीपणा कारागिराने निवडलेला नसतो. बहुतेकदा त्याचे नाव कुणी विचारलेलेच नसते. यानागींचे जवळचे कुंभार मित्रही नामवंतच होते. हामादांनी पुढे भांड्यांवर सही करणे सोडले, तरी त्यांचे भांडे लोक लांबूनही ओळखत.

बोन्सायच्या कुंडीत हे द्वंद्व निराळ्या रीतीने सुटते. कोपरा सरळ ठेवणे ही निखळ स्वशक्ती, तिथे शरणागतीचा काही उपयोग नाही. पण भट्टीतून निघालेली कुंडी बोन्साय जोपासणाऱ्यांच्या लेखी अर्धवटच असते. रोजचे पाणी, ऊन, हाताचा स्पर्श आणि कित्येक वर्षे यांनी तिचा कोरा रंग मुरतो, पृष्ठभागाला खोली येते. नव्या कुंडीपेक्षा अशा मुरलेल्या कुंडीला अधिक मोल आहे, आणि ते आणणे घडवणाऱ्याच्या हाती नाही. प्रदर्शनाआधी काहीजण कुंडीला अक्रोडाचे तेल चोळतात. शिनरानांनी ज्या डावपेचांना स्वशक्ती म्हटले, त्यांचे याहून नेमके उदाहरण सापडणे कठीण.

यानागींचा कारागीर या व्यवसायात खरोखर कुठे असेल, तर तो साच्याच्या कामात. तोकोनामेत साच्यातून निघालेल्या साध्या कुंड्यांत असंख्य झाडे वाढली. त्या कुणी केल्या याची चौकशी होत नाही. संग्राहक शोधतात ते क्योतोच्या हेइआन तोफुकुजी (१८९०–१९७०) यांच्यासारख्यांचे काम. त्यांच्याकडे स्वतःची भट्टी नव्हती, दुसऱ्यांच्या भट्टीत जागा मिळेल तसे ते भाजून घेत, असे सांगतात. आज त्यांच्या छोट्याशा कुंडीलाही मोठी किंमत येते, आणि सौदा ठरण्याआधी ती उलटी करून शिक्का तपासला जातो.