मागच्या रांगेतील वादक

पेणच्या कारखान्यात गणेशमूर्ती साच्यातून एकजण काढतो, रंग दुसरा देतो. डोळ्यांची आखणी मात्र सरावलेल्या हाताकडेच जाते. पुढे ती मूर्ती रोह्यातील एखाद्या घरी बसते. डोळे कोणी रेखले, हे तेथे कोण विचारतो?

वाद्यवृंदाचेही असेच. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्व्हिस हे मुंबईच्या चित्रपटसंगीतातील व्हायोलिनवादक व संगीतसंयोजक. १९५८ साली सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात त्यांनी मोठा सिंफनी वाद्यवृंद उभा केला. लता मंगेशकर व मन्ना डे त्यात गायले. रचना रागांवर आधारलेल्या. रागात कलावंत एकटा विहरतो, येथे मात्र प्रत्येकाने कागदावरचेच स्वर नेमक्या क्षणी वाजवायचे. मागच्या रांगेतला तर पुष्कळ वेळ नुसत्या मात्रा मोजीत बसतो. हे स्वतःला पुसून टाकणे आहे काय? आम्हास तसे वाटत नाही. मोजून पाळलेले मौन हेही वादनच.

परंतु त्या काळी चित्रपटांच्या श्रेयनामावलीत संगीतदिग्दर्शकाचे नाव झळके. संयोजकांची व वादकांची, आणि त्यांत आपले गोवेकर ख्रिस्ती बांधव कितीतरी, बहुधा नसत. आपण होऊन मागे बसणे वेगळे, कोणी मागे बसविणे वेगळे. या दुसऱ्यालाही आपण नम्रता म्हणून मोकळे होतो, हे आम्हास खटकते.

शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तील गाण्यातून गुरूचे नाव घरोघरी नेले. लोकांना ते पडद्यावरील पात्राचेच वाटले. गोन्साल्व्हिस २०१२ साली निवर्तले. गाणे आजही लग्नाच्या मांडवात वाजते. प्रांगणातील ते संगीत आपल्यापैकी कोणी ऐकले आहे?