पुढच्या तारखेचा चेक

'चिंता करू नका' असं सांगणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो. सांगणाऱ्याच्या मुलीचं लग्न बहुधा उरकलेलं असतं! त्यामुळे मत्तयाच्या शुभवर्तमानातला ६वा अध्याय मी जरा संशयानंच उघडला. येशू तिथं पाखरांचा दाखला देतो. म्हटलं, ठीक आहे. पाखरांना घरकर्जाचा हप्ता नसतो! पण ज्याच्या नावावर हे शुभवर्तमान आहे तो मत्तय पडला जकातदार. म्हणजे आमच्याच जातकुळीतला हिशेबी माणूस! म्हणून पुन्हा नीट वाचलं. उद्या संकट येणारच नाही, अशी हमी त्यात कुठंच नाही. उद्याचं उद्या, एवढंच. हा तर बँकेचाच नियम की हो! पुढच्या तारखेचा चेक आज वटत नाही.

११व्या अध्यायात थकल्याभागल्यांना विसावा देऊ केलाय. मला वाटलं, भरपगारी रजा! तर लगेच खांद्यावर जू. विसावा म्हणायचा की ओव्हरटाइम?

आमचे हेडकॅशियर ख्रिस्ती. पत्नीच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशीही त्यांची कॅश पैन्‌पै जुळली.

"काळजी नाही वाटत?" मी विचारलं.

"वाटते की! पण जू एकट्या बैलाचं नसतं, साहेब. दुसऱ्या बाजूला प्रभू आहे. मी माझी बाजू ओढतो आणि रात्री झोपतो."

मी ख्रिस्ती नाही. पण पुढच्या तारखांचे सगळे चेक उशाशी घेऊन रात्री दोनला जागा असतो, तेव्हा मला त्या माणसाच्या पगाराचा नाही, झोपेचा हेवा वाटतो.