सक्तीचा रकाना

टायटॅनिकच्या शताब्दीला, 2012 साली, सोन्याची स्मारक नाणी निघाली. बुडालेल्या माणसांच्या नावाने नाणं पाडायचं, विकायचं, आणि पुढे सोन्याचा भाव चढला की घेणाऱ्याचा फायदा. यात काही चुकतंय का?

मला विक्री तितकीशी खटकत नाही. आपणही आजीची आठवण म्हणून तिची पाटलीच जपतो, आणि अडचण आली की तीच गहाण टाकतो. मला खटकते ती मोजणी.

असं नाणं आपल्याकडे निघालंच, तर ते फोर्ट स्टिकीन जहाजाचं निघावं. 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत या जहाजाचे दोन प्रचंड स्फोट झाले. जहाजात कापूस होता, सुमारे 1400 टन स्फोटकं होती, आणि सोनं होतं : 31 पेट्या, प्रत्येकीत चार विटा. एक वीट मैलभर लांब एका पारशी गृहस्थाच्या घराचं छप्पर फोडून आत पडली. त्यांनी ती परत केली. पुढे कित्येक वर्षं गोदीतला गाळ उपसताना विटा सापडत राहिल्या.

म्हणजे विटा 124. आणि माणसं? कुणी 800 म्हणतं, कुणी 1300. अग्निशमन दलाचे 66 जवान तेवढे नक्की, कारण ते हजेरीपटावर होते. (14 एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्यासाठी. आमच्या बीडमध्ये त्या दिवशी भीमजयंतीची मिरवणूक असते, हा दिवस कुणाच्या लक्षातही नसतो.) गोदीतल्या हमालांची यादी कोण ठेवणार?

त्या काळी ते शक्यच नव्हतं, असं म्हणू नका. त्याच्या 32 वर्षं आधी बुडालेल्या टायटॅनिकच्या मृतांची नावं आजही वाचता येतात, अगदी भट्टीत कोळसा टाकणाऱ्यांचीसुद्धा.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. फॉर्ममधला एखादा रकाना रिकामा राहतो, तेव्हा तो भरणं सक्तीचं नाही, असं आधी कुणीतरी ठरवलेलं असतं. गोदीत सोन्याचा रकाना सक्तीचा होता.

आजही वेगळं काय आहे? बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसं ऊसतोडीला जातात. मुकादमाच्या वहीत उचल रुपयापर्यंत लिहिलेली असते. फडात कुणाला साप चावला, कुणी ट्रॅक्टरखाली आलं, तर ते कोणत्या वहीत लिहितात? नवरा-बायको मिळून एक कोयता. एक गेलं, की मागे राहतो तो अर्धा कोयता. उचल मात्र बहुतेकदा पूर्णच मागतात.